ताबा न घेतलेली पुस्तकं

ज्याला घरांतलं काही कळत नाही त्याने यापुढे लोकांना घरं दाखवू नयेत, असा निर्णय सरकारने घेतला, आणि निर्णय योग्यच होता. तोवर घरं दाखवायला दोनच गोष्टी लागत: घराची चावी आणि न थकणारी जीभ. आता परवाना लागणार होता. परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागणार होती आणि परीक्षेसाठी अभ्यास करावा लागणार होता. पहिल्या दोन गोष्टी चावीमामांनी पेपरात वाचल्या तेव्हा ते नुसते हसले. तिसरी वाचली आणि त्यांनी पेपराची घडी घालून ठेवली.

चावीमामांचं दुकान चौकात, शिंप्याच्या आणि औषधवाल्याच्या मधोमध होतं. आत एक टेबल, काही खुर्च्या आणि भिंतभर एक लाकडी फळी. फळीवर खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर कुणाच्या तरी घराची चावी. बदली होऊन गेलेले, मुलांकडे राहायला गेलेले, भांडून वेगळे झालेले असे सगळे आपापल्या चाव्या त्या खिळ्यांवर अडकवून निर्धास्त झोपत. मामांचं खरं नाव त्यामुळे लोक विसरून गेले होते. भाची दुकानात त्यांना मामा म्हणायची, म्हणून सारी वस्तीच मामा म्हणायला लागली, आणि फळीमुळे पुढे चावी चिकटली.

भाची म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. टेबलाच्या एका बाजूला बसून मामा बोलायचे, दुसऱ्या बाजूला बसून ती कागद वाचायची. धंदा असा वाटून घेतलेला होता आणि आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

नवीन नियमात मात्र एक कलम होतं. मुदतीत परवाना न घेतल्यास मध्यस्थाने आपल्याकडील सर्व चाव्या मूळ मालकांस परत कराव्यात व दुकानाचा फलक उतरवावा. हे कलम वाचल्यावर मामा बराच वेळ त्या फळीकडे पाहत बसले. माणसाने आयुष्यात काय मिळवलं हे कुणाला कपाटात दिसतं, कुणाला अंगणात. मामांना ते त्या खिळ्यांवर दिसायचं. उद्या तिथे नुसते खिळे राहिले तर त्या दुकानात बसवणार नाही, हे त्यांना त्याच क्षणी कळलं.

“आपण दोघंही बसू परीक्षेला,” भाची म्हणाली. “अभ्यास केला की झालं.”

“केला की झालं, बरोबर,” मामा म्हणाले. “पण कशातून करायचा ते आधी ठरवायला हवं. घाईत घेतलेलं घर आणि घाईत घेतलेलं पुस्तक, दोन्ही डोक्याला ताप.”

म्हणून दुसऱ्या दिवशी मामा परवाना कक्षात गेले. कक्षात एक खिडकी होती, खिडकीत कारकून होता आणि कारकुनाच्या डोक्यावर पाटी होती: योग्य अभ्याससाहित्याची निवड ही सर्वस्वी उमेदवाराची जबाबदारी राहील.

“साहेब, कुठलं पुस्तक घेऊ?” मामांनी विचारलं.

“ते आम्हाला सांगता येत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीच्यांवर अन्याय होतो. कक्ष निःपक्षपाती आहे.”

“बरं, निदान अभ्यासक्रम तरी द्या. त्यावरून माझं मी शोधतो.”

“अभ्यासक्रम पुस्तकात छापलेला असतो.”

“कुठल्या?”

“योग्य पुस्तकात.”

“आणि योग्य कुठलं, हे ओळखायचं कसं?”

“ज्यात अभ्यासक्रम बरोबर छापलाय, ते योग्य,” कारकून म्हणाला. त्याच्या आवाजात जराही वैताग नव्हता. हे उत्तर त्याने सकाळपासून अनेकांना दिलं असावं आणि आतापर्यंत त्याला स्वतःलाही ते पटलं असावं. मामांनी त्याचे आभार मानले. नंतर वाटेत त्यांना आभार कशाचे मानले ते आठवेना.

पुस्तकांच्या दुकानात भाचीही सोबत होती. दुकानदाराने आधी एक जाडजूड, काळपट पुस्तक काढलं. मग एक काढलं त्याची पानं हातात घेताच सुटायला लागली. मग तो थोडा थांबला, इकडेतिकडे पाहिलं आणि वरच्या फळीवरून एक गुळगुळीत, निळ्या कव्हराचं पुस्तक अलगद उतरवलं.

“हेच घ्या असं मी म्हणणार नाही,” तो हळू आवाजात म्हणाला. “पण सकाळपासून दोघं विचारून गेलेत.”

मामा चपापले. हे वाक्य त्यांचं होतं. आदल्याच दिवशी कोपऱ्यावरच्या घराबद्दल त्यांनी ते जसंच्या तसं वापरलं होतं. आधी अंधारं घर दाखवायचं, मग गळकं दाखवायचं आणि मग ज्याचे पैसे करायचेत त्या घराची कडी वाजवायची, ही रीत या माणसाने कुठून शिकली कोण जाणे. डाव सगळा लक्षात आला, आणि तरीही निळं पुस्तक मामांना भारी आवडलं.

“प्लॅस्टिक शाबूत ठेवा,” दुकानदाराने बजावलं. “शाबूत असेल तर केव्हाही बदलून मिळेल. काढलंत, की मग तुमचं आणि त्याचं काय ते तुम्ही बघा.”

इथेच सगळं बिघडलं. भाचीने हाताला लागलं ते, एक कोपरा दबलेलं पुस्तक उचललं, प्लॅस्टिकला दात लावले आणि काउंटरवरच पहिलं पान काढलं.

“अगं अगं, ताबा घेतलास की!” मामा ओरडले.

त्यांचं ओरडणं उगाच नव्हतं. सारा जन्म त्यांनी हेच पाहिलेलं होतं. कोणी राहायला गेलेलं नाही तोवर घर नवं. एकदा आत चूल पेटली, भिंतीला खिळा ठोकला, की ते वापरलेलं आणि भाव उतरलेला. शहाणा माणूस नीट पाहतो, पुन्हा पाहतो, आणि खात्री पटेपर्यंत उंबरा ओलांडत नाही. मामांनी निळं पुस्तक घेतलं, जाडजूडही घेतलं आणि कशाचंही प्लॅस्टिक न काढता घरी आणलं. पटलं नाही तर बदलायचं, या बोलीवर.

मग ती पुस्तकं बदलत राहिली. निळ्याच्या जागी हिरवं आलं. हिरव्याची अक्षरं बारीक वाटली म्हणून दोन भागांतलं आलं. दोन भागांपैकी एकाची पाठ दुसऱ्यापेक्षा फिकट निघाली. मामा रोज सकाळी पुस्तकं खिडकीपाशी ओळीने मांडायचे आणि कमरेवर हात ठेवून त्यांच्यापुढून फिरायचे. प्लॅस्टिकमधून मलपृष्ठ वाचता येतं. तेवढं त्यांनी अगदी मन लावून वाचलं.

“अहो, एखादं उघडा तरी,” मामी म्हणाल्या. खाटेवर पुस्तकं आल्यापासून त्या खुर्चीत बसून वाटाणे सोलत होत्या. “चावत नाही ते.”

“एक उघडलं की बाकीची हातची गेली,” मामा म्हणाले. “तुला नाही कळायचं.”

“मला एवढंच कळतंय की मला पाठ टेकायला जागा नाही.”

पुस्तकांनी निर्णय होईना, तेव्हा मामा शिकवणी वर्गांकडे वळले. प्रत्येक वर्गाचा पहिला तास फुकट होता. मामा प्रत्येक वर्गाच्या पहिल्या तासाला जाऊन बसले. सगळीकडे पहिल्या तासाचा विषय एकच होता: आमचाच वर्ग का निवडावा. मामांना तो विषय इतका पाठ झाला की एका ठिकाणी सर आजारी पडले तर यांनीच उभं राहून तास घेतला आणि टाळ्या मिळवल्या. दुसऱ्या तासाला काय शिकवतात, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर त्यांना अभ्याससाहित्य कसं निवडावं याचं मार्गदर्शन करणारं एक पुस्तक मिळालं. तसली आणखीही काही बाजारात होती. त्यांतलं कोणतं बरं, हे पाहण्यात पुन्हा काही आठवडे गेले.

तोवर मामांचं नाव झालं होतं. परीक्षेला बसणारे सगळे दलाल संध्याकाळी त्यांच्याच दुकानात जमू लागले. मामा त्यांना पुस्तकांच्या दुकानात घेऊन जात आणि जसं आयुष्यभर केलं तसं, एकेक वस्तू फिरून दाखवत.

“हे बघा. ओळींमध्ये मोकळी जागा किती सोडलीये! हवेशीर पुस्तक आहे. हे दुसरं जरा कोंदट वाटेल, पण भक्कम. आणि याचा शेजार पाहिलात का? एका बाजूला कायद्याची पुस्तकं, दुसऱ्या बाजूला शब्दकोश. वर्दळ नाही, कटकट नाही.”

दलाल माना डोलवत. कुणी विकत घेत नसे, कारण पुढच्या आठवड्यात सुधारित आवृत्ती येणार होती. ती आली की तिच्यापुढची येणार असे.

मामांच्या धंद्यात एक शिवी होती: बघे. जे गिऱ्हाईक वर्षभर घरं बघतं, दारं उघडायला लावतं, नळ सोडून पाहतं आणि शेवटी ‘विचार करतो’ म्हणून निघून जातं, ते बघे. बघ्यांनी मामांच्या चपला झिजवल्या होत्या. बघ्यांचा विषय निघाला की मामांची जीभ सैल सुटायची.

“मामा,” एकदा भाची वहीतून डोकं वर काढून म्हणाली, “तू बघ्या झालायस.”

मामांना ते फार लागलं. ते तिच्याशी दिवसभर बोलले नाहीत. खरं बोलणाऱ्या माणसाशी अबोला धरणं हे तसं सगळ्यांत सोपं काम आहे.

दुसऱ्या दिवशी तिनेच बोलायला सुरुवात केली. दबलेल्या कोपऱ्याचं पुस्तक आता चांगलंच फुगलं होतं, त्यात बसची तिकिटं आणि पेन्सिलींचे तुकडे खुणेला घातलेले होते.

“मामा, एक सांग. घरापर्यंत जायची वाट शेजाऱ्याच्या अंगणातून आहे. त्याने नुसतं ‘या-जा’ म्हटलंय, लिहून हक्क दिलेला नाही. घर विकलं, तर नव्या मालकाला ती वाट राहते का?”

“कुठल्या पुस्तकात आहे हे?”

“माझ्या.”

“त्याची बांधणी चिकटवलेली आहे, शिवलेली नाही,” मामा म्हणाले. “असल्या पुस्तकातल्या प्रश्नांचं मी मनावर घेत नाही.”

“नाही राहत, मामा,” ती म्हणाली. “शेजाऱ्याच्या मनात येईल त्या दिवशी तो फाटक लावून घेणार. घर तुमचं, पण घरात जायचं कसं ते तुमचं तुम्ही बघा.” मामा तेव्हा एका कव्हराचा कोपरा बोटाने दाबून पाहत होते.

परीक्षेची सकाळ उजाडली. मामा अंघोळ करून दुकानात आले, सवयीने फळीवरची धूळ पुसू लागले आणि मध्येच थांबले. एकेका चावीवर त्यांनी स्वतः चिठ्ठी बांधलेली होती. आपण गाढवपणा केला, हे त्यांना अगदी स्वच्छ दिसलं. इतक्या लोकांनी आपल्यावर घरं सोपवली आणि आपल्याकडून एक पुस्तक उघडलं गेलं नाही. त्यांचे डोळे भरून आले. तसेच ते निळं पुस्तक काखेत मारून निघाले. ते फिरून फिरून पुन्हा त्यांच्याकडेच आलं होतं.

परीक्षाकेंद्राच्या फाटकाशी उभं राहून मामांनी खिशातली एक चावी काढली आणि प्लॅस्टिकला भोसकली. बोटभर चीर पडली. तिच्यातून नव्या कागदाचा वास आला आणि तेवढ्यात घंटा झाली.

प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या पानावर सूचना होती. ती अशी:

‘विशिष्ट पुस्तकातील प्रश्न विचारल्यास ते पुस्तक न घेतलेल्या उमेदवारांवर अन्याय होतो, असा आक्षेप सर्व प्रकाशकांनी एकमेकांविरुद्ध घेतला आहे. सबब, कोणत्याही पुस्तकात आढळणारे सर्व प्रश्न वगळण्यात आले आहेत. जे प्रश्न कोणत्याही पुस्तकात आढळत नाहीत ते अभ्यासक्रमाबाहेरील ठरत असल्याने तेही वगळण्यात आले आहेत. उरलेला प्रश्न सर्व गुणांसाठी अनिवार्य आहे.’

उरलेला प्रश्न असा होता: आपण कोणते अभ्याससाहित्य निवडले, कोणते नाकारले व का, ते सविस्तर लिहा.

मामांनी प्रश्न वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग बाह्या सरसावल्या. कव्हरांचे रंग, कागदाची जाडी, पाठीची बांधणी, मलपृष्ठांवरचा मजकूर, सगळ्या वर्गांचे सगळे पहिले तास. त्यांनी पुरवण्या मागितल्या आणि संपल्या तशा पुन्हा मागितल्या. पर्यवेक्षक कौतुकाने मागे उभे राहून वाचू लागले.

दोन बाकं पलीकडे भाचीने पेन हातात धरून छताकडे पाहिलं. वाटेचे हक्क, सामायिक भिंती, गहाण, बोजे, सगळं तिच्या डोक्यात रांगेत उभं होतं आणि विचारणारं कोणी नव्हतं. शेवटी तिने लिहिलं: दुकानात हाताला लागलं ते पुस्तक घेतलं. वाचलं.

मामा राज्यात पहिले आले. भाची नापास झाली. तिच्या गुणपत्रिकेवर शेरा होता: निवडप्रक्रियेचा पूर्ण अभाव, थेट वाचनाची घातक प्रवृत्ती.

मामांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. ते आपल्या जागेवरून उठून तिच्या खुर्चीपाशी गेले, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “पुढच्या वेळी पुस्तक मी निवडून देईन.” मग त्यांनी परवान्याची चौकट फळीच्या वर ठोकली. सीलबंद पुस्तकं दुकानदाराकडे परत गेली. फक्त चीर पडलेलं निळं त्याने घेतलं नाही. ते चौकटीखाली शोभेला ठेवलं.

परवाना नसलेल्या सहायकांसाठीही नियम होताच. सहायकाने कुलूप उघडावे, खिडक्या उघडाव्यात, दिवे लावावेत. मालमत्तेविषयी स्वतःहून एक शब्दही बोलू नये. मात्र ग्राहकाने आपणहून विचारल्यास माहिती द्यावी. नियमभंग झाल्यास मध्यस्थाचा परवाना रद्द होईल आणि चाव्या परत कराव्या लागतील. भाची आता चाव्या घेऊन पुढे जाते, दार उघडते आणि बाजूला उभी राहते.

परवा एक जोडपं घर पाहायला आलं होतं. दोघंही शिकलेली, चांगल्या हुद्द्यांवरची माणसं. घर सुंदर होतं. मोठ्या खिडक्या, शांत गल्ली, आणि दारापर्यंत यायला शेजाऱ्याच्या अंगणातून दगडी पायवाट, तिच्या तोंडाशी शेजाऱ्याचं फाटक. येताना फाटक उघडंच होतं.

“कागदपत्रं व्यवस्थित आहेत ना?” नवऱ्याने मामांना विचारलं.

“एक नंबर,” मामा म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. “जाड कागद, शिवलेली बांधणी, छपाई तर इतकी सुबक! शिवाय मी राज्यात पहिला आहे.”

दारापाशी भाचीला खोकला आला. मग पुन्हा आला. करारनाम्याच्या आतल्या पानावर वाटेबद्दल एक बारीक ओळ होती, ती तिने वाचलेली होती, आणि मामांकडे पाहत ती हातातली चावी जोरजोरात वाजवू लागली. मामांनी वर भिंतीकडे पाहिलं. तिथे त्यांना दुकानातली फळी, नुसत्या खिळ्यांची, दिसली असावी, कारण त्यांनी भाचीला डोळ्यांनीच गप्प केलं.

एवढ्यात बाईंनी वळून थेट भाचीकडेच पाहिलं. भाची एक पाऊल पुढे आली. तिचं तोंड उघडलेलं होतं, उत्तर ओठांवर होतं, नियमाने परवानगी होती. फक्त विचारायचं बाकी होतं.

“पंख्याचं बटण कुठलं हो?” बाईंनी विचारलं.

भाचीने बटण दाखवलं. मामांनी करारनामा पुढे केला, नवऱ्याने सहीची जागा तेवढी विचारून घेतली आणि बाईंनी सही करताना ओट्याचा दगड हाताने चाचपून पाहिला. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्या हवाली करण्यात आले.

ते जोडपं कोण होतं हे मामांच्या लक्षात नाही. तुमच्या लक्षात असेल. ती पिशवी तुमच्या कपाटात वरच्या खणात आहे, आणि अजून तिला हात लागलेला नाही. सवड मिळाली की एकदा वाचून टाकू, असं तुम्ही आल्या दिवसापासून म्हणताय. बाहेर शेजारी फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल घालतोय.